दीड तासाची राजधानी

माझी मावसबहीण लग्न होऊन इंदूरला गेली त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. पण माहेरी आली की पहिल्या दिवशी मंगेशी, दुसऱ्या दिवशी समुद्र आणि तिसऱ्या दिवशी जुने गोवे हा तिचा क्रम कधी चुकला नाही. या खेपेला ती लेकीला आणि जावयाला घेऊन आली. डिसेंबरातले दिवस, गोंयच्या सायबाचे फेस्त नुकतेच आटोपलेले. मला त्या आठवड्यात सवड नव्हती. म्हणून मी तिघांना पणजीहून सुटणाऱ्या एका दर्शन-बसमध्ये बसवून दिले आणि कर्तव्य पार पडले असे समजून कामाला लागलो.

संध्याकाळी मंडळी परतली. खाज्याचा पुडा टेबलावर आला, चहा झाला, आणि भाची म्हणाली, "मामा, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार की."

"जुने गोवे हे जर राजधानीचं शहर होतं, तर त्यातली घरं कुठे आहेत?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ती पुढे म्हणाली, "आमच्याकडे राजवाड्यातून बाहेर पडलं की लगेच बाजार लागतो, सराफा लागतो, गल्ल्या लागतात. राजवाडा बघायला जावं तर शहर आपोआप बघून होतं. इथे गाईडने चार चर्च दाखवली. मध्ये सगळी हिरवळ. माणसं राहत कुठे होती? बाजार कुठे भरायचा? की इथे फक्त पाद्रीच राहायचे?"

मी काहीतरी उत्तर दिले. साथी आल्या, गाव ओस पडला, वगैरे. तिने मानही डोलावली. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पन्नास वर्षे मी या शहराच्या इतका जवळ राहतो, शंभर वेळा तरी पाहुण्यांना तिथे घेऊन गेलो असेन, आणि हा साधा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता!

बसमध्ये काय काय दाखवले ते मी तिला विचारले. यादी माझ्या पाठातलीच निघाली. बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी. मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, तिथली सोन्याची म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा. शेजारी असिसीच्या फ्रान्सिसचे चर्च, आणि वेळ उरला तर त्याच्या मठातले पुराणवस्तू संग्रहालय. बसमधूनच 'ते पाहा' म्हणून ऑगस्टीनचा पडका मनोरा. सगळे मिळून दीड तास. त्यातली वीस मिनिटे प्रसाधनगृह आणि सरबत यांत गेलेली. मग बस मंगेशीकडे.

हा पाठ मला तोंडपाठ असण्याचे कारण सांगतो. कॉलेजात असताना मी स्वतः हाच उद्योग करीत असे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे घाटावरून पाहुण्यांच्या तुकड्या येत आणि मला दिवसाचे थोडे पैसे व दुपारचे जेवण मिळे. पुस्तक कधी उघडले नव्हते. आधीच्या गाईडच्या मागे दोनदा फिरून जे कानांवर पडले तेवढीच शिदोरी. संताच्या पायाचा अंगठा एका भाविक बाईने चावून नेला ही गोष्ट मी दहा मिनिटे रंगवीत असे. संताचे केस अजून वाढतात असेही सांगितल्याचे आठवते. कॅथेड्रलखालून नदीपर्यंत भुयार आहे, हे तर मी अशा काही खात्रीने सांगायचो की एका गृहस्थांनी मला त्याचे तोंड दाखवायला सांगितले. मी म्हटले, सरकारने बंद केले! लोक खूश होत. घरे कुठे आहेत असे मला कोणी विचारले नाही. पण ती आहेत किंवा होती याची आठवण व्हावी असे मीही कधी काही बोललो नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मी भाचीला म्हटले, "चल, आता आपण दोघेच जाऊ. पण बसने नव्हे, आणि इगर्जीत शेवटी शिरू."

आम्ही सुरुवात केली ती फेरीबोटीच्या धक्क्यापासून. हे मुद्दाम. आजची प्रत्येक बस जुन्या गोव्यात जमिनीवरून शिरते, जणू घरात परसदारातून शिरावे तशी. या शहराचे तोंड मांडवीकडे होते. पोर्तुगालहून येणारा नवा व्हाइसरॉय नदीतून येई, या धक्क्यावर उतरे आणि समोरच्या कमानीतून शहरात प्रवेश करी. ती कमान व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द गामा याने उभारली. तो वास्को द गामाचा पणतू. १५९७ मध्ये तो गोव्यात आला आणि पणजोबाच्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याने हे प्रवेशद्वार केले. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे, त्यावर गामा घराण्याच्या चिन्हातले हरीण आहे. शहराकडच्या बाजूला तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायांखाली एक माणूस आडवा पडलेला आहे. भाची त्या आडव्या माणसाकडे बराच वेळ बघत होती. "हा कोण?" मी म्हटले, "पोशाखावरून बघ. आपल्यापैकीच कोणीतरी."

गंमत म्हणजे आज दिसणारी कमान तेवढी जुनी नाही. जुनी ढासळल्यावर १९५४ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. बॉम जेझूसचा तो तांबूस, उघड्या चिऱ्यांचा दर्शनी भाग, ज्याच्यापुढे उभे राहून सगळे फोटो काढतात आणि 'किती प्राचीन वाटते!' म्हणतात, तेही एकोणिसशे पन्नासच्या दशकातलेच काम. तोवर त्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. जुनेपणा उठून दिसावा म्हणून तो काढला गेला, आणि तेव्हापासून पावसाने चिरा झिजतो आहे. पुन्हा गिलावा करावा की नाही हा वाद अलीकडेही झाला. म्हणजे आपण जे 'सोळाव्या शतकातले गोवे' पाहतो त्याचे हे रूप पाहुण्यांसाठी आमच्या वडिलांच्या काळात तयार झालेले आहे.

कमानीतून वर जाणारा रस्ता आज शांत असतो. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला कुंपण. मी भाचीला म्हटले, "आता थांब. हा तुझा बाजार."

या रस्त्याला पोर्तुगीज रुआ दिरैता म्हणत, म्हणजे सरळ रस्ता. यान ह्युगेन व्हान लिन्शोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून इथे आला आणि पाच वर्षे राहिला. जे दिसले ते त्याने लिहून ठेवले. १५९६ मध्ये त्याचे पुस्तक हॉलंडमध्ये निघाले आणि त्यात या रस्त्यावरच्या बाजाराचे चित्रही आहे. रोज सकाळी इथे लिलाव चाले. अरबी घोडे, मसाले, कापड, मेलेल्या माणसाच्या घरातले सामान, आणि त्याच रांगेत विकायला उभी केलेली माणसे. गुलामांचा हा बाजार आफ्रिकेतल्या, बंगालातल्या, जिथून मिळतील तिथल्या स्त्रीपुरुषांचा होता. लिन्शोटेननंतर वीस वर्षांनी पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी मालदीवपाशी गलबत फुटून, कैदेत राहून, आजारी अवस्थेत गोव्यात पोचला. त्यानेही तोच लिलाव पाहिला. ज्या राजेशाही इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले त्याचे तो भरभरून कौतुक करतो. रोग्याला चांदीच्या ताटवाट्यांत जेवण मिळे. त्या इस्पितळाचा आज मागमूसही नाही.

लिन्शोटेनच्या वर्णनात आणखी एक तपशील आहे तो मी भाचीला मुद्दाम सांगितला. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर नाणी पारखून देणारे लोक बसत, आणि त्यांना तो जे नाव देतो ते 'शाराफ'. म्हणजे सराफच!

"म्हणजे इथेही सराफा होता," ती म्हणाली.

होता तर. धंद्याप्रमाणे गल्ल्या होत्या. गुजराती व्यापाऱ्यांची कापडाची दुकाने होती, सोनार होते, हिंदू वैद्य होते. या वैद्यांना पोर्तुगीज अमीरउमरावांप्रमाणे डोक्यावर छत्री धरवून हिंडायची मुभा होती, कारण खुद्द आर्चबिशप आणि व्हाइसरॉय त्यांच्याकडून औषध घेत. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती. उघडपणे पूजा करायला बंदी होती. तरी ज्यांच्यावाचून शहर चालत नव्हते त्यांना राहू दिले गेले. ही अडचणीची, रोजच्या तडजोडीची गोष्ट आहे. ती दीड तासात बसत नाही म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

सेंट कॅजिटनच्या समोर, अंगणात, काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. वर आडवा दगड, बाजूंना जाळीची नक्षी, खाली पायऱ्या. आदिलशाहाच्या वाड्यातले एवढेच उरले. आफोंस द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले ते आदिलशाहाकडून. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडच्या राज्याची गादी कोचीहून इथे आणली, आणि पुढे १५५४ पासून व्हाइसरॉय याच वाड्यात राहू लागले. शत्रूच्याच घरात बिऱ्हाड थाटले म्हणायचे! मूळ गावाचे नाव एला. आदिलशाहाच्याही आधी नदीकाठी वस्ती होती, आणि त्याआधीची कदंबांची राजधानी गोपकपट्टण दक्षिणेला जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्ह्याच्या बाजूला. 'गोवा वेल्हा' आणि 'वेल्हा गोवा' ही दोन नावे ऐकून पाहुण्यांचा गोंधळ होतो, आणि कधीकधी टॅक्सीवाल्यांचाही. एवढ्या राजधान्या एकावर एक, एकाशेजारी एक, आणि आपण दाखवतो त्यांतल्या एकीच्या चार इमारती.

तिथून आम्ही चालत गांधी चौकाच्या पलीकडे गेलो. रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर काळ्या दगडाचा खांब उभा आहे. लोक त्याला हातकातरो खांब म्हणतात. हा खांब म्हणजे माझी सगळ्यात मोठी चूक. कॉलेजच्या दिवसांत महाराष्ट्रातली तुकडी असली की मी त्यांना इथे थांबवीत असे. धर्म न सोडणाऱ्यांचे हात याच खांबाला बांधून तोडत, हे मी प्रत्यक्ष पाहिल्यासारखे सांगायचो. आयाबाया डोळे पुसत. आणि युरोपातले पाहुणे असले की हा खांब मी गाळून टाकायचो आणि 'ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही' ही जुनी पोर्तुगीज म्हण ऐकवायचो. तेही खूश!

पुढे केव्हातरी वाचायला लागलो तेव्हा लाज वाटली. हा खांब जुन्या देवळाचा दगड असावा असे त्याच्या घडणीवरून म्हणतात. पोर्तुगीज शहरांच्या चौकात असा खांब असेच. गुन्हेगाराला त्याला बांधून चारचौघांसमोर फटके मारीत. इन्क्विझिशन हे दुसरेच प्रकरण. १५६० मध्ये ते गोव्यात आले, १७७४ नंतरची चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. त्याची कचेरी आणि कोठड्या कॅथेड्रलजवळच्या एका मोठ्या वाड्यात होत्या. दलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याने तिथल्या कैदेची हकीकत १६८७ मध्ये छापली, आणि आमच्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या सगळ्याचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. खरे एवढे भयंकर आहे की त्यात माझ्या पदरची भर घालण्याचे काहीच कारण नव्हते. उलट खोट्याची भेसळ केली की कोणीतरी ते खोटे उघडे पाडतो आणि त्याबरोबर खऱ्यावरचाही विश्वास उडतो. एकाच शहराच्या दोन गोष्टी, गिऱ्हाईक बघून सांगितलेल्या. एकीत सगळे सोने, दुसरीत सगळे रक्त. दोन्हींत कोपऱ्यावरचा सराफ नाही, छत्रीखालचा वैद्य नाही, लिलावात उभी केलेली बाई नाही.

थोडे पुढे सेंट पॉल कॉलेजचे प्रवेशद्वार आहे. नुसती कमान आणि मागे झाडी. बस इथे थांबत नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये या कॉलेजात सुरू झाला. भाची प्रकाशनाच्या क्षेत्रात काम करते, तिला हे ठाऊक नव्हते, आणि गाईडने सांगितलेही नव्हते. ती कमानीखाली जाऊन उभी राहिली आणि तिने तिथे आपला फोटो काढायला लावला; सगळ्या दिवसातला तेवढा एकच. मी तिला आपल्या भाषेचा धागाही सांगितला. १५७९ मध्ये गोव्याला आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल इथे छापले गेले. त्यानंतर एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्याचा पीटरवरचा मराठी पद्यग्रंथ १६२९ पासून याच राजधानीत छापला गेला. त्या ग्रंथाचा हेतू आपल्या धर्मावर टीका करण्याचाच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या शहरात मराठी छापली जात होती ते शहर फक्त पोर्तुगीज बोलणारे असणार नाही, एवढे तर उघड आहे.

मग टेकडी चढून आम्ही रोझरीच्या इगर्जीपाशी गेलो. इथून आल्बुकेर्कने लढाई पाहिली असे तिथला शिलालेख सांगतो. आत गव्हर्नर गार्सिया द सा याच्या बायकोची, दोना कातारीनाची कबर आहे आणि तिच्यावरचे कोरीवकाम थेट गुजराती धाटणीचे. पोर्तुगीज बाई, ख्रिस्ती देऊळ आणि खंबायतच्या कारागिराचा हात! तासभर आम्ही तिथे होतो. दुसरे कोणीही आले नाही.

टेकडीवरून सगळा परिसर दिसतो. माडांच्या झावळ्या, त्यांतून वर आलेले पांढरे मनोरे आणि खाली नदी. तिथे बसून मी भाचीला तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

साथी आल्या हे खरे. १५४३ मध्ये पटकीची मोठी साथ आली आणि पुढच्या शतकात आजारांनी पुन्हापुन्हा माणसे नेली. जांभ्याची जमीन सच्छिद्र. शौचकूपातले पाणी झिरपून विहिरींत उतरे. एवढ्या दाटीवाटीच्या शहराला ते झेपले नाही. व्यापारही घसरला, आणि त्यात आपल्या लिन्शोटेनचा हात होता. त्याच्या पुस्तकातले सागरी मार्ग वाचून डच गलबते पूर्वेकडे आली, त्यांनी मिरी-मसाल्यांची मक्तेदारी मोडली आणि गोव्याच्या बंदराची नाकेबंदीही केली. शहर पाहून वर्णन लिहिणाऱ्यानेच शहराच्या मुळावर घाव घालावा असा हा प्रकार. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पाणेलीला राहायला गेले, १७५९ मध्ये पणजीला. मोठे साहेब गेले की बाकीचे किती दिवस राहणार? १७७० च्या दशकात पोंबालने शहर पुन्हा वसवायचा हुकूम सोडला. कामाला आणलेली माणसेच तापाने मरू लागली तेव्हा तो नाद सुटला.

पण साथीने माणसे मरतात, घरे मरत नाहीत. घरांचे काय झाले? घरांचे चिरे निघाले. पणजी उभी राहत होती, तिला दगड, तुळया, दारेखिडक्या हव्या होत्या आणि चार-पाच मैलांवर तयार माल पडून होता. होडीत घातला की झाले. १८४३ मध्ये पणजीला शहराचा दर्जा मिळाला आणि नाव मिळाले नोव्हा गोवा, नवे गोवे. १८३५ मध्ये धार्मिक संघ गोव्यातून हद्दपार झाल्यावर मोठमोठे मठही निर्मनुष्य झाले. ऑगस्टीनचे छप्पर १८४२ मध्ये कोसळले, तर १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. उरलेला मनोरा शेहेचाळीस मीटर उंच आहे आणि त्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या इगर्जीत वाजते आहे.

"म्हणजे," भाची म्हणाली, "घरं पणजीला गेली."

"हो."

"आणि आमची बस पणजीहूनच सुटली."

यावर आम्ही दोघेही हसलो. मला मात्र जरा चुटपुट लागली. इतकी वर्षे पाहुण्यांना मी राजधानी दाखवायला घेऊन जात होतो आणि तिच्या भिंती कदाचित आमच्याच गल्लीत होत्या.

उरले ते काय, तर ज्यांत पूजा चालू होती किंवा ज्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही अशा इमारती. एकोणिसाव्या शतकात कोतिनो द क्लोगेनने १८३१ मध्ये आणि आपल्याच जुझे निकोलाव द फोंसेकाने १८७८ मध्ये या शहराची जुनी वर्णने धुंडाळून पुस्तके लिहिली. फोंसेकाचे पुस्तक आजही हातात घेऊन फिरावे असे आहे. त्यात नाहीशा झालेल्या वास्तूंचीही नोंद आहे. पण पुढे पर्यटन वाढले तसे जे उभे आहे तेवढेच दाखवायचे असे ठरून गेले. १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली तीही 'गोव्यातली चर्च आणि मठ' या नावाने. शहर म्हणून नव्हे. नोंदीत जे नाही ते फलकावर येत नाही, फलकावर नाही ते गाईडच्या तोंडी येत नाही, आणि गाईडच्या तोंडी नाही ते पाहुण्याच्या लेखी नव्हतेच.

गाईडांना दोष देण्यात अर्थ नाही. मी त्या जागी उभा राहिलेलो आहे. चाळीस माणसे, दीड तास, कडक ऊन, मागे दुसऱ्या बसचा हॉर्न. अशा वेळी माणूस टाळी मिळवणारी गोष्टच सांगतो. तरीही बदल होऊ शकतो, हे ऑगस्टीनच्या पडक्या जागेनेच दाखवले. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझला ठार मारले, आणि तिचे अवशेष ऑगस्टीन पंथाच्या पाद्र्यांनी इथे आणले अशी जुन्या कागदांत नोंद होती. उत्खननात २००४ मध्ये हाताचे हाड सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने काही अवशेष जॉर्जियाला सन्मानाने सुपूर्द केले. आता गाईड ही गोष्ट आवडीने सांगतात, लोक आवडीने ऐकतात. खरी गोष्ट आहे, आणि अंगठ्याच्या गोष्टीपेक्षा काही कमी रंगतदार नाही.

दुपारी आम्ही फेरीबोटीने दिवाडीला गेलो. मूळ सप्तकोटेश्वराचे देऊळ या बेटावर होते. ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला गेला आणि तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधवून घेतले. २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. दिवाडीच्या शेजारचे बेट जुवें. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने तिथला किल्ला घेतला तेव्हा मराठे राजधानीपासून हाकेच्या अंतरावर होते. घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला अधिकाराचा दंड झेवियरच्या शवपेटीत ठेवला आणि आता तूच राज्य सांभाळ म्हणून विनवले. मागून मोगली फौज येत असल्याची बातमी आल्यामुळे मराठ्यांना परतावे लागले. ही हकीकत गाईड सांगतात, पण मराठी प्रवासी असले तरच!

परतीच्या फेरीबोटीत भाची कठड्याला टेकून उभी होती. समोर कमान जवळ येत होती, जशी ती नव्या व्हाइसरॉयला दिसत असेल, लिलावात विकायला आणलेल्या माणसांना दिसत असेल आणि डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बेटावरून रोज येणाऱ्या बाईलाही. "आता चर्च बघूया का?" तिने विचारले. मग आम्ही बॉम जेझूसमध्ये गेलो. शवपेटीपुढे रांग होती, आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढच्या तुकडीचा गाईड, वीसबावीस वर्षांचा पोरगा, अंगठ्याची गोष्ट सांगत होता. मीही ऐकली. चांगली सांगितली त्याने.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठले आणि विचारले, "बाबा, या शहरातली घरे कुठे आहेत रे?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "सर, हे कोणीच विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "कुठे आहेत?"

पाच मिनिटे त्याच्याजवळ होती. जेवढे सांगता आले तेवढे मी सांगितले. तुमच्याकडे पाहुणे आले, तर त्यांना बसमध्ये बसवून द्यायला हरकत नाही. फक्त बसण्यापूर्वी हा एक प्रश्न त्यांच्या कानात घालून ठेवा.